सोळा पानं

वाचनालयातल्या त्या जाडजूड पुस्तकाची
शेवटची सोळा पानं कुणीतरी फाडून नेलेली,
आम्ही नववीत होतो तेव्हाच.
त्यामुळे विट्यात तरी
मिठाचा किल्ला पडला की नाही
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ज्याने त्याने आपापला शेवट केला.
रेवणने आंधळ्या घंटाकऱ्याला गादीवर बसवलं.
इलाहीने त्याला पुलावर मारलं, तेही दोनदा,
मधे एकदा परत आणून.
तृप्ता म्हणायची, किल्ला पडतच नाही,
आतली माणसं कंटाळून निघून जातात.
माझा शेवट मी कुणाला सांगितला नाही.

काल तिसरा भाग लागला.
रात्री नऊचा खेळ, हिंदीतून गुरगुरणारे राक्षस,
आणि आम्ही, मधली एक खुर्ची मोकळी ठेवून.
तिचंही तिकीट काढलेलं.
संभा तिकडे कोइमतुरात,
मामाच्या गलाईच्या दुकानात सोनं आटवतोय.
त्याचा निरोप होता:
मी रविवारी बघणार, तमिळमधून.
तोवर कुणी तोंड उघडलं
तर जत्रेलासुद्धा येणार नाही.

किल्ला पडला.
समुद्र चालून आला नाही,
नुसता पायरीशी येऊन बसला
आणि म्हशीनं खडा चाटावा
तसा भिंती चाटत राहिला, रात्रभर.
घंटाकरी राजा झाला नाही. मेलाही नाही.
त्यानं घंटा उतरवली, नावेत ठेवली,
तिची जीभ फडक्यात बांधली,
आणि गेला.

पुढच्या पोरांनी शिट्टी मारली,
मग त्यांनाच ती कशीतरी वाटली.
रेवण उभा राहून पडद्याला म्हणाला,
ह्याच्यासाठी सात वर्षं?
इलाही रडत होता, अगदी उघड,
लग्नात पोरीकडची माणसं रडतात तसा.
तृप्ताचा नवरा पहिल्यांदाच आलेला,
विचारत होता, तो म्हातारा नक्की कोण?
सांगते घरी गेल्यावर, पहिल्यापासून,
ती म्हणाली,
आणि आवाजावरून आम्हाला कळलं, नाही सांगणार.

हणमाकाका झाडू घेऊन आले.
उठा आता. काय न्हाई ऱ्हायलं, नुसती नावं हायत.
रेवण म्हणाला, नावंच बघतोय.
आणि खाली बसला.

बाहेर अंडाबुर्जीच्या गाडीवर
साडेबाराला तृप्ताच्या डोक्यात आलं:
दुसऱ्या भागातली पांढरी घोडी कुठं गेली?
वादळात, खिंडीपाशी सोडलेली,
येतो म्हणून सांगून.
कुणाकडेच उत्तर नव्हतं.
राजे, सैन्यं, सात पुलांचं अख्खं राज्य राहिलं बाजूला,
अर्धा तास आम्ही त्या घोडीचं सुतक पाळलं.
गाडीवाल्यानं गॅस बंद करता करता
हळूच विचारलं, कुणाची होती?

मग संभाचा फोन.
सांगू नका काही. एवढंच सांगा,
बरं वाटलं का?
फोन मधे, टेबलावर, आणि भोवती आम्ही.
दुधाचा टेम्पो गेला.
रेवणनं तोंड उघडलं, मिटलं.
शेवटी इलाही म्हणाला,
तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.
तिकडून भट्टीच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

आज सकाळी वाचनालय मीच उघडलं.
दोन वर्षं झाली, इथंच असते मी, खिडकीशी.
ते पुस्तक काढून पाहिलं:
शिवणीत अजून आठ कागदांच्या कडा आहेत,
दुधाच्या दातांसारख्या.
डोळे मिटून माझा शेवट आठवायला गेले
तर त्यात तो नट, ती नाव, ती बांधलेली जीभ.
माझं काही सापडेना.

आठवीतली एक मुलगी आली, गळ्यात दप्तर,
दुसरा भाग टीव्हीवर बघितलेली.
तिसऱ्याला घरचे सोडत नाहीत.
हेच हवं होतं तिला.
शेवट नाहीये ह्यात, म्हटलं. फाटलाय.
चालेल.
मी तारखेचा शिक्का मारला.
ती दारातून मागं फिरली.
ताई, आणि घोडी?
आहे, म्हटलं.
पान दोनशे नऊ.